दादरच्या दुकानातला भाड्याचा तंबू आणि पेंचची थंडी

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं मुलुंडहून गाडीने पेंच आणि ताडोबाला जाऊन आलो. मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची माझी आई. चार रात्री तंबूत काढल्या. तंबू, स्लीपिंग बॅगा, अंथरायच्या मॅट, छोटी गॅसची शेगडी, सगळं दादर पश्चिमेच्या एका दुकानातून भाड्याने घेतलं होतं. स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, जुन्या इमारतीचा लाकडी जिना, पहिला मजला. पाटी इतकी लहान की मी दोनदा पुढे निघून गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली दोन तक्रारी आहेत आणि त्या मी मालकांच्या तोंडावर सांगून झाल्या आहेत. चारचौघांत नाव घेऊन पुन्हा उगाळायच्या नाहीत.

आधी एक सांगायला हवं. भाड्याच्या सामानाने मला पूर्वी एकदा चांगलंच रडवलं होतं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत भंडारदऱ्याला गेलो होतो. तेव्हा दुसऱ्याच एका दुकानातून बॅगा घेतल्या होत्या. पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘० डिग्री’ छापलेलं. धरणाकाठी पारा शून्याच्या जवळपासही गेला नव्हता, तरी मी आणि मुलगा पहाटे चारपासून गाडीत हीटर लावून बसलो होतो. वाटलं, आपल्यालाच सवय नाही. दादरच्या दुकानात त्या रात्रीचा उलगडा झाला.

दुकानात शिरल्यावर मालकांनी कुठे जाणार, किती दिवस, हे नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, “ताई, तुमच्यात सगळ्यात जास्त थंडी कोणाला वाजते?” मी म्हटलं, आईला. तर म्हणाले, “मग सगळा हिशेब आईंवरून करायचा. बाकीच्यांचं आपोआप भागतं.” मग त्यांनी फडताळातून एक बॅग ओढून काढली, आतल्या शिवणीला लावलेली पांढरी पट्टी उलटी केली आणि माझ्या हातात दिली. पट्टीवर तीन आकडे होते: कम्फर्ट ५, लिमिट ०, एक्स्ट्रीम उणे १५.

हे तीन आकडे म्हणजे या सगळ्या खरेदीची किंवा भाड्याची किल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे आकडे आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे काढतात. तापवलेला पुतळा बॅगेत निजवतात, त्याला आतले साधे कपडे घालतात, खाली मॅट असते, आणि उष्णता किती निसटते ते मोजतात. कम्फर्ट म्हणजे हातपाय सैल सोडून झोपलेल्या बाईला थंडी न वाजता रात्र काढता येईल ते तापमान. लिमिट म्हणजे अंगाची जुडी करून झोपलेल्या पुरुषाला जेमतेम झोप लागेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे जीव तगेल इतकंच, त्यात झोप धरलेलीच नाही, अंगातली ऊब धोक्याच्या पातळीखाली जाण्याची भीती गृहीत धरलेली. आता भंडारदऱ्याच्या बॅगेवरचा ‘०’ यातला कुठला होता ते तुम्हीच ओळखा. मालक म्हणाले, “पिशवीवर छापलेला आकडा वाचूच नका. आतली पट्टी वाचा, आणि त्यातला पहिला आकडा वाचा. पट्टीच नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका.”

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे तापमानाचे आकडे माझ्या जिभेवर असतात. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ ला नोंदलं गेलं, ७.४ अंश. मुंबईच्या थंडीची ती परमावधी. नागपूर मात्र २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ पर्यंत उतरलं होतं. समुद्र जवळ नाही, आभाळ निरभ्र, जमिनीतली ऊब रात्रभरात वर निघून जाते, आणि उत्तरेकडचे वारे सुटले की विदर्भात पारा धाडकन खाली येतो. मी हे सांगितल्यावर मालकांनी आमच्यासाठी आधी काढलेल्या बॅगा परत ठेवल्या आणि पट्टी दाखवली होती तशाच कम्फर्ट ५ च्या तीन आणल्या. आईसाठी त्याच जातीची, पण आत घालायला फ्लीसचं अस्तर वेगळं दिलं. त्याचं भाडं घेतलं नाही. “आईंना झोप लागली तर पुढच्या वर्षी परत याल,” म्हणाले.

आईला नेण्याचं कारण साधं आहे. तिचं माहेर रामटेक. १९७७ साली लग्न होऊन मुलुंडला आली, आणि दरवर्षी डिसेंबरात एकदा तरी म्हणतेच, “ही काय थंडी आहे?” बाबा होते तोवर त्यांच्या दम्यामुळे हिवाळ्यात तिकडे जाणं कधी जमलं नाही. पेंचचं जंगल रामटेकहून तासाभराच्या आत आहे. लहानपणी ती माणसं तिकडून बैलगाडीने लाकूडफाटा घेऊन येताना बघायची, पण आत कधी गेली नव्हती.

दुकानदारांनी आखणीतही मदत केली, आणि ती फुकट. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो, आमचा नागपूरनंतरचा पहिला दिवस मंगळवारच येत होता, म्हणून त्यांनी आधी पेंच आणि मग ताडोबा असा उलटा क्रम सुचवला. राष्ट्रीय उद्यानाच्या आत स्वतःचा तंबू ठोकता येत नाही, हे अजून कित्येकांना माहीत नसतं. सफारी संपली की सगळ्यांना फाटकाबाहेर यावंच लागतं. मुक्काम बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांजवळ, कुंपण आणि रात्रीची राखण असलेल्या जागेतच. आम्ही दोन्ही ठिकाणी शेताला लागून असलेल्या अशा जागा आधीच फोनवर ठरवल्या. सफारीचं आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर केलं. ज्या ओळखपत्रावर आरक्षण करता तेच मूळ ओळखपत्र फाटकावर लागतं, झेरॉक्स चालत नाही.

निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही इमारतीच्या गच्चीवर दोन्ही तंबू उभे करून पाहिले. हे दुकानदारांनी बजावलंच होतं. तिथेच कळलं की एका बॅगेची चेन गुडघ्यापाशी अडते. फोन केला तर म्हणाले, “मेणबत्ती घासा दोन्ही बाजूंनी.” घासली, सरसर चालली. तरीही माझं मत असं की अडकणारी चेन भाड्याला देण्याआधी त्यांनीच बघायला हवी होती. पहाटे तीनला, अंधारात, बधिर बोटांनी मेणबत्ती कोण शोधणार? ही पहिली तक्रार.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. पहाटे पाचला मुलुंड सोडलं, आमणेला समृद्धीवर चढलो आणि थेट नागपूर, ७०१ किलोमीटर. इगतपुरीचा बोगदा संपता संपत नाही, मुलाने घड्याळ लावून मोजला. निघताना टायरची हवा तपासून घ्या आणि सरळ रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते म्हणून दर दोन तासांनी उतरा. रात्री मामाकडे. दुसऱ्या दिवशी ४४ क्रमांकाच्या महामार्गाने पेंच. तिथे जंगलाच्या पट्ट्यात रस्ता खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरं ये-जा करतात. मुलगा मान बाहेर काढून शेवटपर्यंत खाली बघत होता.

आता पेंचची पहिली रात्र. मी थर्मामीटर नेला होता, तो तंबूच्या दोरीला बांधला. पहाटे तीनला ९ अंश. बॅगा कम्फर्ट ५ च्या, म्हणजे हिशेबाने सगळ्यांना गाढ झोप लागायला हवी होती. पण आई उठून बसली होती. अंगावर बॅग, वर शाल, डोक्याला स्कार्फ. म्हणाली, “वरून काही नाही गं. खालून गार लागून राह्यलं.” माहेरच्या मुलखात आल्यावर तिची बोली दोन दिवसांत परत आली होती.

मी तिच्या अंथरुणाखाली हात घातला. जमीन ओली नव्हती, पण दगडासारखी थंड. मॅट म्हणजे योगासनांसाठी वापरतात तसली, जेमतेम बोटाच्या नखाएवढी जाड. इथे मला तो पुतळा आठवला. त्या पट्टीवरचा आकडा खाली चांगली मॅट आहे असं धरूनच काढलेला असतो. बॅगेतल्या भरावात अडकलेली हवा ऊब धरते. पण आपण तिच्यावर झोपलो की पाठीखालचा भराव दबून चपटा होतो, हवा निघून जाते, आणि पाठीखाली बॅग असून नसल्यासारखी. तिथे सगळा भार मॅटवर. दुकानदारांनी बॅग इतक्या निगुतीने निवडून दिली आणि मॅट मात्र पावसाळी ट्रेकची दिली. ही माझी दुसरी तक्रार, आणि हीच मोठी. उरलेली रात्र मी माझी मॅट आईच्या मॅटवर घातली आणि स्वतः गाडीतल्या चादरींवर पडले.

त्याच रात्री त्या जागेच्या राखणदाराने प्रेमाने निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं आणून दिलं होतं, आजींच्या तंबूत ठेवा म्हणून. आम्ही नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण हे प्रत्येकाने पक्कं लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. बंद तंबूत निखारे, शेगडी, कंदील यांपैकी काहीही ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. दुकानात शेगडी देताना मालकांनी हेच मुलाकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आता नाही वाटत.

सकाळी चहा झाल्यावर आई काठी टेकत कुंपणापर्यंत गेली. पलीकडच्या शेतात धानाची कापणी, मळणी होऊन तणसीचा ढीग रचलेला होता. तणस म्हणजे भाताचा पेंढा, तिकडे तणसच म्हणतात. तिने शेतकऱ्याला हाक मारली, “भाऊ, दोन भारे तणस देता का, झोपाले पायजे.” त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि स्वतः डोक्यावरून भारे आणून टाकले. मग आईने आम्हाला कामाला लावलं. तंबूतलं सगळं बाहेर, खालची प्लास्टिकची ताडपत्री बाहेर. तणस वीतभर जाड पसरली, काड्या एकाच दिशेने. तिच्यावर ती गुडघ्यांनी चालली, खोलगट जागा भरल्या, कडेची तणस आत वळवली. त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू, आत मॅट. काडी पोकळ असते, आत हवा, काड्यांच्या मध्ये हवा. म्हणजे जे काम महागडी मॅट करते तेच. माझ्या मुलाने हात दाबून बघितला आणि म्हणाला, “आजी, हे ऊबदार लागतंय, अजून कोणी झोपलंही नाही.” शेकोटी आम्ही तंबूपासून चांगली वीस पावलं लांब हलवली, ठिणग्या तंबूकडे उडणार नाहीत अशा बाजूला, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवली. तणस पेटायला एक ठिणगी पुरते.

त्या रात्री पारा ८ वर गेला. आई साडेसहाला उठली, तेही मी हाक मारल्यावर.

झोपण्याआधीचं एक सांगते. महाराष्ट्रातल्या पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले दिवे झाकलेले, खाली वळवलेले. पौषाच्या सुरुवातीची कोर होती, ती दहाच्या आत मावळली, आणि मग आकाश उघडलं. कृत्तिका मुंबईत धुरकट डागासारख्या दिसतात, इथे मुलाने एकेक मोजल्या. रोहिणी लालसर, मृगाच्या पोटातला बाण, त्याच्या मागे व्याध. गुरू पुनर्वसूजवळ इतका तेजस्वी होता की नवऱ्याला विमान वाटलं. आईला नक्षत्रांची नावं तिच्या आजीने अंगणात बाजेवर झोपवून शिकवली होती. मुलुंडला ४८ वर्षं राहून ती नावं तिने कधी कोणाला सांगितलीच नव्हती, दाखवायला आकाशच नव्हतं. मी वर्गात इतकी वर्षं आकाशगंगा शिकवते आहे. हिवाळ्यातला तिचा फिका पट्टा मी स्वतः त्या रात्री पहिल्यांदा पाहिला.

ताडोबाचा मुक्काम मोहर्लीच्या बाजूला, इरई धरणाच्या पाण्यापासून जवळ. इथे गारठ्यापेक्षा दवाने त्रास दिला, आणि त्यात चूक आमचीच. तंबू दुहेरी कापडाचा आहे, वर दोन बाजूंना हवेसाठी जाळीच्या खिडक्या आहेत. या खिडक्या रात्रभर उघड्या ठेवायच्या असं दुकानदारांनी सांगितलं होतं. मुलाने थंडी येते म्हणून आमच्या तंबूतल्या दोन्ही बंद केल्या. सकाळी आतून थेंब लोंबत होते आणि बॅगेचं पायाकडचं टोक ओलं. पाऊस नव्हता, तंबू गळका नव्हता. ते आमच्याच श्वासातलं पाणी, गार कापडाला लागून साकळलेलं. आईचा तंबू, खिडक्या उघड्या असलेला, जवळजवळ कोरडा होता. दुसऱ्या रात्री आम्हीही उघड्या ठेवल्या. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावणार नाही अशी आत दुमडा, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून वाहत खाली येतं.

गॅसच्या शेगडीबद्दल: पहाटे ज्योत मलूल होते. छोट्या डब्यातला ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, आणि वापरताना डबा आणखी गार होतो, म्हणून दाब पडतो. मी डबा दहा मिनिटं शालीत गुंडाळून मांडीवर धरायचे, तेवढ्याने चहा व्हायचा. डबा आगीजवळ मात्र कधीही नेऊ नका. चौघांचा स्वयंपाक त्यावर होत नाही. जेवण आम्ही दोन्हीकडे त्या जागेच्या चुलीवरच घेतलं.

सफारीला सकाळी उघड्या जिप्सीत तंबूपेक्षा दुप्पट थंडी वाजते. कानटोपी, हातमोजे, छातीवर वारा अडवणारं जाकीट हवंच, आणि गुडघ्यांवर पांघरायला काहीतरी. आम्ही आईचं फ्लीसचं अस्तर तिच्या गुडघ्यांवर घातलं. ताडोबात मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे आईचा तिथला एकही फोटो नाही. वाघ दिसला का, असं सगळेच विचारतात. पेंचला नाही, ताडोबात दिसला, रस्ता ओलांडून बांबूत गेला. आई म्हणते तिला रानकुत्र्यांची टोळी जास्त आवडली.

परत आल्यावर सामान द्यायला मी आणि आई दोघी गेलो. जिना तिने हळूहळू चढला. मालकांनी बॅगा झटकल्या तर दोन-चार काड्या पडल्या. मी आधी चेनचं सांगितलं, मग मॅटचं, जरा रागानेच. ते गप्प ऐकत होते. मग आईला खुर्ची दिली आणि विचारलं, “आई, किती जाड अंथरली होती?” आईने वीत दाखवली. त्यांनी काडी बोटांत मोडून तिची पोकळी बघितली, तशीच टेबलावर ठेवली. म्हणाले, मॅटचं चुकलंच, थंडीसाठी दोन थर द्यायला हवे होते. चार दिवसांचं मॅटचं भाडं परत केलं. मी मागितलं नव्हतं. अनामत रकमेला मात्र पाच दिवस आणि दोन फोन लागले. रोख भरली असेल तर रोखच परत मागा.

माझं मत विचाराल तर बॅगांसाठी, तंबूसाठी आणि त्यांच्या सल्ल्यासाठी डोळे मिटून जा. आतली पट्टी उलटून दाखवणारा दुकानदार मला मुंबईत दुसरा भेटलेला नाही. मॅट त्यांच्याकडून दुहेरी घ्या, किंवा स्वतःची जाड विकत घ्या, वर्षानुवर्षं टिकते. तंबू गच्चीवर एकदा उभा करूनच बघा आणि प्रत्येक चेन शेवटपर्यंत ओढा. नाताळच्या आठवड्यात सगळं सामान आधीच सांगून ठेवलेलं असतं, म्हणून नोव्हेंबरातच फोन करा. घ्यायला जाण्याचा आणि परत करण्याचा दिवस ते भाड्यात धरत नाहीत, पण सोमवारी दुकान बंद असतं. आणि ज्याला सगळ्यात जास्त थंडी वाजते त्याला बरोबर न्या. आमच्या आईला त्यांनी बॅगेत शिरून, चेन लावून, दुकानातल्या बाकावर दहा मिनिटं झोपायला लावलं होतं.